लिफ्ट नसलेल्यांचा वाटा

आई,

आज दुपारी विद्यापीठातून फोन आला. इथे जर्मनीत, कोलोनला मला कायमची नोकरी मिळाली. दर खेपेला करार संपत आला की जीव टांगणीला लागायचा, ते संपलं. श्रेय तुझं आहे आणि ऐकायला तू नाहीस, म्हणून लिहितेय.

माझा विषय आपल्या डोक्यावरून जातो, असं तू म्हणायचीस. युरोपातल्या देशांनी संघ केलाय, सगळ्यांच्या वर्गणीतून त्याचा खर्च चालतो, आणि एखादा नवा, गरीब देश आत यायचा म्हटला की जुने कुरकुरतात, आमच्या पैशांनी यांचे रस्ते का? आपल्या सोसायटीत वेगळं काय झालं होतं? मागची सात मजली इमारत आपल्यात यायची होती. तिची लिफ्ट सारखी बंद पडायची, आणि आपल्या दुमजली इमारतीत तर लिफ्टच नव्हती. समोरचे काका उखडले, "जिने आम्ही चढायचे आणि लिफ्टचे पैसेही आम्हीच भरायचे?" तू अध्यक्ष. तुझा नियम ठरलेला, ज्याची तक्रार असेल त्याने आधी समोरच्याची बाजू मांडायची. "काका, आधी सहाव्या मजल्यावरच्या आजींच्या वतीने बोला, मग तुमचं ऐकते." काका नाइलाजाने उठतात. "माझे गुडघे दुखतात, हातात भाजीची पिशवी..." म्हणतात, आणि त्यांचा हात आपसूक स्वतःच्याच गुडघ्यावर जातो. सगळे हसतात, शेवटी तेही हसतात. लिफ्टचा थोडा वाटा आपण उचलला, त्यांनी त्यांच्या बोअरचं पाणी आपल्याला दिलं.

गेल्या आठवड्यात निवड समितीपुढे माझं व्याख्यान होतं. सगळ्यात ज्येष्ठ प्राध्यापक हाताची घडी घालून बसलेले. "सगळं ठीक आहे, पण इथल्या करदात्याला हे पटवणार कोण?" समितीला उलट प्रश्न करायची इथे रीत नाही. पण मी तुझी लेक. म्हटलं, "सांगते. त्याआधी तुम्ही सगळ्यात नव्या देशाच्या वतीने बोलाल का?" गेली नोकरी, मला वाटलं. मग त्यांनी चष्मा काढला, "आल्झो...", म्हणजे 'तर मग', म्हणाले आणि बोलतच सुटले. आमची तरणी मुलं तुमच्याकडे राबायला आली, आमची गावं ओस पडली, आणि वर हिशेब आम्हालाच विचारता? थांबल्यावर स्वतःशीच "गेनाऊ" म्हणाले, म्हणजे 'अगदी बरोबर'. ही पद्धत कुणाची, असं त्यांनी विचारलं. "माझ्या आईची," मी म्हटलं. तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला.

मग लिफ्टची गोष्टही सांगितली. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "म्हणजे तुमच्या आईलाही त्या लिफ्टचा उपयोग झाला असेल?" मी म्हटलं, "हो, आजींकडे जाताना नेहमी."

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून कबूल करते. लिफ्टला तू जाम घाबरायचीस. आजींकडे धापा टाकत जिन्यानेच जायचीस, आणि लिफ्टच्या वर्गणीत पहिला नंबर मात्र आपला असायचा. हे मी त्यांना सांगितलं नाही.