शफी मिस्त्रीची मशीन

९ एप्रिल १९८६, आलापल्ली

पोचलो एकदाचा! बल्लारशाहून निघालेल्या एस.टी.नं हाडं खिळखिळी केली, पण मन एकदम प्रसन्न आहे. मोहफुलांचा वास अजून शर्टातून जात नाही. स्टँडवर कमरजहाँबाई स्वतः आल्या होत्या. नागपूरचे हरिदास खोब्रागडे तुमीच काय, असं विचारलं आणि माझी हत्यारांची पेटी लगेच रिक्षावर चढवली.

त्यांचे यजमान शफी मिस्त्री दोन वर्षांपूर्वी मलेरियानं गेले. तेव्हापासून त्यांच्या फर्निचरच्या कारखान्यातली मोठी मशीन बंद पडून आहे. आज पाहिली आणि जीव हरखला. इंग्रजांच्या काळातली, बिडाचा एकच सांगाडा आणि त्यावर पाच कामं: आरा, रंधा, फळीची जाडी काढणं, भोकं पाडणं आणि एका टोकाला लाकूड गोल कातायचा खराद. अशा जुन्या मशिनी उभ्या करणं हाच माझा धंदा. आजवर सात केल्या, ही आठवी. विदर्भात या कामात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी गर्वानं नाही, अनुभवानं लिहितो.

राहायला कारखान्याला लागूनच खोली मिळाली. खिडकीतून सागाच्या थप्प्या दिसतात. डबा बाईंच्या घरून येणार. आणखी काय पाहिजे?

१२ एप्रिल

तीन दिवस नुसता गंज आणि वाळलेलं वंगण काढतोय. आज रंध्याचा दांडा उचलला आणि खालचं बेअरिंग पाहून थांबलो. पांढऱ्या धातूचं, हातानं खरडून बसवलेलं. भिंगातून पाहिलं. खरडीची प्रत्येक खूण दुसरीसारखी, माशाच्या खवल्यांसारखी ओळीनं. यंत्रशाळेत एकवीस वर्षं काढलेल्या माझ्या उस्तादांनाही असं साधलं नव्हतं. मला तर नाहीच.

बाहेर वारलू फळ्या रचत होता. हा इथला जुना कामगार, माडिया आदिवासी, कमी बोलणारा. हे कुणी केलं, असं त्याला विचारलं. म्हणाला, "शफीभाऊनं. दुसरं कोन करन?"

जेवताना घास गोड लागला नाही.

१५ एप्रिल

काल बाबासाहेबांची जयंती. इथल्या वस्तीतल्या लोकांनी पाहुणा म्हणून हार घातला, मिरवणुकीत पुढं चालवलं. दिवस चांगला गेला. पण शेवटी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, शफीची मशीन करता म्हणे, त्याच्या हातची गोष्टच अलग होती.

आज सकाळी ते बेअरिंग मी खरडून टाकलं. पूर्ण. खवले एकेक करून पुसले आणि माझ्या पद्धतीनं नव्यानं बसवलं. गरज होती का? नव्हती. खोटं कशाला लिहू.

१९ एप्रिल

आज पहिल्यांदा मशीन फिरवली. दहा मिनिटांत बेअरिंग इतकं तापलं की तेलाचा धूर निघाला.

तेवढ्यात जैनब आली. बाईंची मुलगी, चोविशीची, शिवणकाम करते असं मला सांगितलं होतं. तिनं सांगाड्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि विचारलं, "भाऊ, तुमी हे नव्यानं खरडलं काय? अब्बूचं बरं होतं."

बरं होतं! मग कळलं की लहानपणापासून ती बापाजवळ याच शेडमध्ये असायची. माझी परवानगी घेऊन तिनं खरडणी हातात घेतली. दुपारपर्यंत बेअरिंग थंड. मी तिचे आभार मानले. माझ्या आवाजात काय होतं ते तिला कळलं नसावं.

२३ एप्रिल

तीच मशीन, तीच पाती, तीच फळी. मी लावली तर पृष्ठभागावर लाटा उठतात, कडा फाटतात. जैनबनं लावली तर फळी आरशासारखी येते. मी पात्यांची उंची कागदानं मोजतो, ती नुसती कान देते. आज बाई दारात उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या कामाकडे असं कुणी पाहिलेलं मला आठवत नाही.

वारलू आता फळी धरायला येत नाही. कारण विचारलं तर मशीनकडे न बघता म्हणाला, "शफीभाऊ इथीच हाये. मी नाई येत."

मी हसलो. पण मनात आलं, मेला तरी हा माणूस जागा सोडत नाही.

२६ एप्रिल

मायलेकी लग्नाला सिरोंच्याला गेल्या. तीन दिवस शेड माझी एकट्याची. किल्ली माझ्याकडे. आज चार फळ्या काढल्या. चारही खराब. रागानं भिंतीला टेकवून ठेवल्या आणि कुलूप लावून जेवायला गेलो.

२७ एप्रिल

सकाळी शेड उघडली. चारही फळ्या दुरुस्त झालेल्या.

लाटा नाहीत. फाटलेल्या कडा नाहीत. खाली लाकडाचे लांबच लांब छिलके पडलेले, कागदासारखे पातळ. एक उचलला, तो कोमट होता. गावात काल रात्रीपासून लाइट नाही.

मला भीती वाटायला हवी होती. आधी वाटली ती लाज. शाळेत मास्तर चुकलेलं गणित खोडून शेजारी बरोबर उत्तर लिहून देतात, तशी लाज.

२८ एप्रिल

आज मुद्दाम एक फळी बिघडवली. मेन स्विच पाडला. मशीन फिरवणारा पट्टाही काढून खोलीत आणला. मग भर दुपारी दोन वाजता दाराच्या फटीला डोळा लावून बसलो.

पात्याचा दांडा हळूहळू फिरायला लागला. मग वेगानं. फळी उचलली गेली, टेबलावर टेकली आणि पुढं सरकू लागली. धरणारं कुणी नव्हतं. सगळीकडे लख्ख ऊन होतं, पत्र्यावर माकडं नाचत होती आणि ती फळी चालत होती. एका दाबानं, एका चालीनं, कुठंही न अडखळता.

अंगाला घाम फुटला. तरी नजर हलेना. जन्मात एकदाही मला फळी अशी सरकवता आलेली नाही.

३० एप्रिल

परवा वामनराव येणार. फॉरेस्टच्या विश्रामगृहांचं फर्निचर बनवण्याचा ठेका त्यांच्याकडे आहे. मशीन पसंत पडली तर सगळं काम इथंच. गावभर एकच बोललं जातंय, शफीची पोरगी मशीन चालवून दाखवणार. शफीची मशीन. शफीची पोरगी. आणि मी? मी कोण?

रंध्याचे बोल्ट — पातं धरून ठेवतात ते — तीन. थोडे सैल केले. फक्त पातं थरथरेल, फळी खराब होईल, तिची फजिती होईल. बस्स, एवढंच.

एवढंच नाही. मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर सैल पातं काय करतं, ते मला माहीत आहे. नागपूरला एका माणसाच्या छातीतून काढलेलं पाहिलं आहे.

तरी घट्ट करायला उठलो नाही.

२ मे

लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

वामनराव आले. बाई, वारलू, वस्तीतले दहाबारा लोक. जैनब मशीनपाशी गेली. मी मागच्या मागे भिंतीशी सरकलो. तिनं स्विचवर हात ठेवला आणि वळली. सगळ्यांसमोर म्हणाली, "हरिदासभाऊ, पयली फळी तुमीच लावा. अब्बूची मशीन तुमीच जिवंत केली."

टाळ्या वाजल्या. तिनं स्वतः माझा हात धरून मला पुढं आणलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी शेवटची तपासणी म्हणून पाना घेतला. बोल्ट घट्ट होते. तिन्ही. माझ्या मनगटानं कधी आवळले नसतील इतके.

फळी आरशासारखी आली. वामनरावांनी पाठ थोपटली. बाईंनी दुवा दिली. हेच तर हवं होतं मला. क्षणभर खरंच आनंद झाला.

मग कळलं. बोल्ट कुणी आवळले ते. आणि सैल कुणी केले, हे त्याला माहीत आहे.

३ मे

दुपारी डोळा लागला. उठलो तर उजव्या हाताच्या तीन बोटांवर पेन्सिलीची आडवी रेघ. सुताराचा गुण्या लावून ओढावी तशी, काटकोनात. तिच्या पुढं, नखांच्या बाजूला, एक छोटी फुली.

सुतारकामात फुली म्हणजे टाकून द्यायची बाजू.

साबणानं धुतलं. विटेनं घासलं. रक्त आलं. रेघ गेली नाही.

दुपारी लिहिलं त्यानंतर बाईंकडे निघालो. कबूल करायचं, पाया पडायचं, गाडी पकडायची. अंगणात सगळे माझंच कौतुक करत बसले होते. मला चहा दिला. मी प्यालो. परत आलो.

४ मे

बोटं स्वच्छ. रेघ मनगटावर. फुली तळहातावर.

म्हणजे दोष बोटांत नाही असं त्याला — तो माप सुधारतोय.

वारलूला हात दाखवला. त्यानं पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, "खरं बोलून टाक. आजच."

त्याला कसं कळलं? सगळ्यांनाच कळतं की काय?

५ मे

सांगायला गेलो. शपथ. दारात जैनब. हसून म्हणाली, वामनराव सगळीकडे तुमचंच नाव घेतात. आणि मी — ते नाव जाऊ नये म्हणून — फक्त बरं म्हणालो.

सामान बांधलं. चारची गाडी आहे.

मनगट स्वच्छ.

आरशात — गळ्यावर आहे. या कानापासून त्या कानापर्यंत. फुली वर, कपाळावर.

शेडमधून आवाज. लाइट नाही. पट्टा कालच काढून माझ्या पलंगाखाली ठेवलाय. तरी आवाज. काय जुळवलंय त्यानं — कुठं खरखर नाही — मला कधी असं —

दार आपोआप उघडलं. बाहेर ऊन. कुणी नाही. पाठीवर दोन तळहात आहेत. ढकलत नाहीत, नुसते — सरळ — खुर्ची सरकतेय, टेबल धरलंय डाव्या हातानं —

लिहून टाकतो. जैनबला सांगा. वाचेल त्यानं सांगा. तीस तारखेला रंध्याचे बोल्ट मीच सै