नव्या वळणावर अडणारी गाडी

८ ऑक्टोबर १९९५, सुरत

तेल घातलं तर माझं काय चुकलं? कारखान्यात कापडाचा लूम अडला की तेलच घालतो ना मी? फळीवरची माझी खेळण्यातली आगगाडी नव्या वळणावर थांबत होती, म्हणून रुळांना तेल लावलं. तर ती जागची हलेचना. खोलीतला रमेशदादा हसला, "तू येडा शे का? करंट रुळातूनच येस ना!"

रॉकेलने रूळ पुसले. आता सरळ पळते, पण वळणावर पुन्हा थांबते. तेल नाही, मग काय? रुळांचा सांधा बघितला, घट्ट आहे. मग का थांबते?

वळणाचे नवे रूळ शंभराला पडले. गावच्या घराच्या छपराच्या पत्र्यांसाठी आईला पाचशे कबूल केले होते. तिला काय लिहू, गाडी वळणावर अडली? चारशेच पाठवतोय.