पायांचं कुंपण

पप्पा, काल लेकीसाठी हॅमस्टर आणला आणि त्याला मोकळं सोडायला दुकानातून घडीचं कुंपणही आणलं. तुम्ही असतात तर आधी त्याच्या कडांवरून बोट फिरवून नाक मुरडलं असतंत.

गोखिवऱ्याच्या आपल्या घरी मामाने हॅमस्टर आणला तेव्हा मी चौथीत होते. लोक उंदीर मारायचं औषध आणतात, माझा भाऊ उंदीरच आणतो, असं आई म्हणाली. तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्ही तेव्हा बोलायचातच कुठे? प्लॅस्टिकच्या कारखान्यातून यायचात, जेवायचात आणि बातम्या लावून खुर्चीत पेंगायचात. मला तुमच्याशी किती बोलायचं असायचं, पण माझा नंबर लागेपर्यंत तुमचा डोळा लागलेला असायचा.

मग एकदा पिंजऱ्यातल्या तारेच्या चाकात त्याचा पाय अडकला. मी रडत पिंजरा तुमच्यापुढे धरला. तुम्ही चष्मा लावून हलकेच पाय सोडवलात, ते चाक उपटून टाकलंत आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून डब्याचं एक भलंमोठं रिजेक्ट झाकण घेऊन आलात. त्याची कड घासून गुळगुळीत केलीत, मधे खिळा बसवून त्याचं नवं चाक केलंत. पाय बरा झाल्यावर पठ्ठ्या त्यात सुसाट पळू लागला. पण बाहेर सोडला की थेट फ्रिजखाली. तेव्हा तुम्ही माळ्यावरून गणपतीचं थर्माकोलचं मखर काढलंत, सोसायटीत बक्षीस मिळालेलं, ज्याला आईनेही हात लावलेला तुम्हाला चालत नसे, आणि त्याच्या भिंती फरशीवर उभ्या केल्यात. साहेबांनी घटकाभरात एक खांब कुरतडून गाल भरून घेतले. माझा जीव टांगणीला. त्याने एकेक गोळा बाहेर टाकेपर्यंत तुम्ही त्याला ओंजळीत घेऊन बसलात.

"बाप्पाच्या वाहनानेच मखर खाल्लं," तुम्ही म्हणालात आणि चक्क हसलात.

मग टीव्ही बंद करून तुम्ही फरशीवर बसलात आणि मला समोर बसवलंत. पाय फाकवून पसरायचे, माझे तळवे तुमच्या तळव्यांना टेकवायचे, मधल्या जागेत त्याने हुंदडायचं. त्यानंतर रोज संध्याकाळी आपण तसे बसायचो. तो तुमच्या पायजम्यावर चढतोय, घसरतोय, आणि तुम्ही मला तुमच्या गावच्या शाळेच्या गमती सांगताय. पाय हलवायची सोय नाही म्हटल्यावर करणार काय, तुम्ही बोलायला लागलात. माझ्या लहानपणातलं सगळं चांगलं मला त्या फरशीवर मिळालं, पप्पा.

तो म्हातारा होऊन गेला तेव्हा मी जेवले नाही. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलात, तो मजेत जगला म्हणालात. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते: मी त्याच्यासाठी रडत नव्हते. उद्यापासून तुम्ही परत खुर्चीत बसाल, या भीतीने रडत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, हातपाय धुतलेत आणि फरशीवर पाय पसरून बसलात. मी समोर बसून तळवे टेकवले. मधे कोणीच नव्हतं.

"हं," तुम्ही म्हणालात, "आज शाळेत काय झालं?"