जीभ दाबायची पट्टी

३ तारीख, सोमवार
नवी नोकरी, नवं गाव आणि दवाखान्यामागच्या दोन खोल्या फुकटात. ठकीने आल्या आल्या पलंग बळकावला. लेक सहा वर्षांची, पण तोरा घरमालकिणीचा. गावात घटसर्पाचे चार रुग्ण आहेत. लस यायला पंधरवडा लागेल, तोवर मी नर्सबाईने घरोघर जाऊन पोरांचे घसे बघायचे. पांढुरका पडदा दिसला की पोर दवाखान्यात. सोबत टॉर्च, जीभ दाबायची स्टीलची पट्टी आणि बाटलीभर जंतुनाशक. एक घसा झाला की पट्टी बाटलीत बुडवायची. कंपाउंडर म्हणाले, पावडर तुटपुंजी आहे, सोमवारी कालवलेलं पाणी आठवडाभर पुरवा. काटकसरीत माझा हात धरणारं कुणी नाही, हे त्यांना कुठे ठाऊक.

५ तारीख, बुधवार
आधीच्या बाई निरोगी घरं उरकून आजाऱ्यांकडे शेवटी जायच्या. मला ते माणुसकीला धरून वाटेना. ज्यांचा जीव टांगणीला, त्यांच्याकडे आधी जायला नको? मी आजाऱ्यांच्या भावंडांपासून सुरुवात करते. आया आता शेजारी उभ्या राहून पट्टी कशी धरायची ते शिकून घेतात. मलाही शिकवायला आवडतं. दिवसाचे चाळीस घसे, आणि घरी आल्यावर शेवटचा ठकीचा. ती लांबूनच आ करून धावत येते.

१० तारीख, सोमवार
नवे नऊ रुग्ण. मोठे डॉक्टर म्हणाले, तपासणी दुप्पट करा. केली. पाय गळून गेलेत.

१३ तारीख, गुरुवार
आता सव्वीस. दोन पोरं गेली. त्यातली शिंप्याची धाकटी परवा माझ्याकडे बघून हसली होती. तिच्या घरात कुणी आजारी नव्हतं, शेजारीही नाही. मग आलं कुठून?

१४ तारीख, शुक्रवार
रुग्णांची यादी माझ्या फेरीच्या वहीशी ताडून पाहिली. ज्या क्रमाने मी घरं घेतली, त्याच क्रमाने पोरं पडलीत. बाटली हुंगली. वासच नाही. कंपाउंडरना विचारलं, तर म्हणाले, कालवलेली पावडर दिवसभरात निकामी होते. पण आठवडाभर पुरवायची पद्धत आधीपासूनच आहे. मोठ्या डॉक्टरांनी बजावलं, उद्यापासून पट्टी उकळा, पण ब्र काढू नका, लोक दारं लावून घेतील.
मी गप्प बसले. नोकरी जाईल म्हणून.

१५ तारीख, शनिवार
ठकीला ताप. रोज शेवटचा घसा तिचाच होता — सगळ्या गावाच्या नंतर — पडदा दिसतोय.

१७ तारीख, सोमवार
सकाळी ठकी गेली. मी जवळ गेले तेव्हा तिने आ केला होता. तसंच राहिलं तोंड.

१८ तारीख, मंगळवार
पट्टी फेकली. फेरी बंद. घसा ठणकतोय. आरशात बघितलं — आहेच.

दारात आया जमल्यात. बाई आल्या नाहीत तर आपणच बघू, असं म्हणताहेत. फटीतून दिसतंय — घरचा एकच चमचा. एकीचं पोर झालं की वाटीतल्या पाण्यात बुडवून पुढचीच्या हातात — अगदी मी करायची तसं.

ओरडतेय. आवाज फुटत नाही. दार उघडून गेले तर माझ्यापासूनच —

देऊ नका, एवढं तरी कागदावर लिहून फटीतून सरकवते. तो चमचा पुढे दे—