कोंडाईची कणगी

प्रिय मास्तर,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला बघा. जन्मभर घरात 'अहो' म्हटलं आणि चारचौघांत सगळ्या गावासारखं 'मास्तर'. आता कागदावर एकदम प्रिय! पण पत्राला मायना लागतो, आणि या वयात मला कोण हसणार आहे?

तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र. आपण कधी लांब राहिलोच नाही, मग लिहायचं कशाला? तुमची बदली झाली की माझी चूलबोळकी तुमच्या मागोमाग निघायची. गेल्या माघात मात्र तुम्ही एकटेच निघालात, तेही पत्ता न देता. असो. रडगाणं गायला बसले नाही मी. आज शनिवार, सकाळची शाळा सुटून आत्ताच घरी आलेय, पायाची धूळसुद्धा धुतली नाही. तुमच्या गोष्टीच्या तासाचं काय व्हायचं ते आज ठरणार होतं, आणि ठरलं. ही बातमी तुमच्याआधी दुसऱ्या कुणाला सांगू?

पण पहिल्यापासून सांगते. "गोदे, गोष्ट मधूनच सुरू करू नको," असं तुम्हीच म्हणायचात ना? आणि स्वतः मात्र दर वेळी मधेच थांबायचात!

शेगावला दर्शनाला गेलो की लोक प्रसाद घ्यायचे, बांगड्या घ्यायचे. तुम्ही स्टेशनाबाहेरच्या दुकानातून पोरांच्या गोष्टींची पातळ पातळ पुस्तकं घ्यायचात. महाराष्ट्र झाला त्या साली या गावाला बदली झाली, दुसरबीडच्या फाट्यावर उतरून आपण बैलगाडीत सामान भरलं, तेव्हा गाडीवानानं विचारलं होतं, "मास्तर, पेटीत काय भरलं, गोटे?" तुम्ही म्हणालात, "नाही बाप्पा, अडलेले लोक भरले."

अडलेले लोक! तोच तर तुमचा धंदा. वर्गात गोष्ट वाचायची. म्हातारीची शेळी नाल्याच्या पल्याड राहिली, नाला भरला, म्हातारी अल्याड रडते आहे, इथवर आणायचं आणि पुस्तक पालथं घालायचं. मग विचारायचं, "कोण अडलं? काऊन अडलं? आपल्यापाशी काय काय हाये?" पोरांनी आधी पाटीवर चित्र काढायचं, मगच हाताला माती लावायची. तुराट्या, सुतळी, चिखल, फुटकी मडकी. पूल बांधायचा, त्यावर वजन ठेवायचं, मोडला की का मोडला ते बघायचं, पुन्हा बांधायचा. पूल टिकला तरच पुढचं पान! तोवर ती म्हातारी बिचारी आठ-आठ दिवस नाल्याकाठी बसलेली.

आणि ते वजन कशाचं? माझ्या वरवंट्याचं! घरात चटणी वाटायला बसावं तर पाटा जागेवर, वरवंटा शाळेत शेळी होऊन गेलेला. किती भांडले मी त्यावरून! तुम्ही हसायचात. "अवं, शेळीएवढं वजन दुसरं कुठून आणू?"

एक तक्रार मात्र आज बोलूनच टाकते. गावच्या पोरापोरींना शिकवलंत, मला कधी पाटी दिली नाहीत. मी आपली आपण शिकले, तेही रागानं शिकले. संध्याकाळी ओसरीवर बसून तुम्ही उद्याची गोष्ट मोठ्यानं वाचून बघायचात आणि वर्गात थांबायचं तिथेच घरीही थांबायचात. मी भाकर थापता थापता ऐकायची. पुढे काय झालं विचारलं तर म्हणायचात, "उद्या पोरं सांगतील." काय जीव जळायचा माझा! मग तुम्ही शाळेत गेलात की पुस्तक काढायचं, तुमच्या तोंडून ऐकलेल्या ओळींवर बोट ठेवायचं, अक्षर ओळखायचं. असं करत करत न ऐकलेल्या पानापर्यंत पोचले. एकदा जेवताना तोंडातून निघून गेलं, "त्या राजाच्या पाणचक्कीचं चाक उलटं बसवलं होतं ना?" तुमचा घास हातातच राहिला. "तुले कोणं सांगतलं?" आठवतं?

त्या दिवशी तुम्ही खूप खूश झालात. पण मी एकदाही तुमच्या वर्गात येऊन मागे बसले नाही. लोक काय म्हणतील, मास्तरीणबाई शाळेत जाते! याची हळहळ वाटते हो. ऐकलं सगळं, डोळ्यांनी बघितलं काहीच नाही.

तुमच्या जागी जूनमध्ये नवे गुरुजी आले, चिखलीचे. तरणे, सरळ मनाचे आणि भित्रे. तुमचा तास त्यांनी घेऊन बघितला बरं का! नाल्याची गोष्ट काढली. म्हातारी रडायला लागायच्या आतच सगळा वर्ग ओरडला, "पूल बांधतात! आमच्या अक्कानं बांधला होता!" दुसरं पुस्तक काढलं, त्याचंही तेच. घराघरात मोठ्या भावंडांनी शेवट सांगून ठेवलेले. पेटीतलं एकही माणूस आता अडलेलं राहिलं नाही. तुम्ही इतकी वर्षं उसन्या गोष्टींवर काढलीत मास्तर, स्वतःची एक तरी लिहून ठेवायची होती!

गुरुजी घरी आले. म्हणाले, "काकू, मला हे जमत नाही. चौथीच्या परीक्षेत पूल येत नाही, वेळापत्रकात हा तास बसत नाही. कार्तिकात साहेब तपासणीला येतील. त्यांना दाखवून बघू. ते नको म्हणाले तर पेटी कपाटात आणि तास बंद." मी म्हटलं, "दाखवणार कोण?" आणि माझ्याच तोंडून निघालं, "मी येते."

म्हटलं तर खरं, पण त्या दिवशी दोनदा भाजी करपली.

गोष्ट नवी हवी होती. मी लिहिली. हसू नका. कोंडाई नावाची म्हातारी, एकटी. वर्षाची ज्वारी एका कणगीत. घरात उंदीर. रोज काठी आपटत राखण करते, म्हणून चार दाणे उरतात. एक दिवस सांगावा येतो, लेकीचे दिवस भरले, बाळंतपणाला ये. जावं तर उंदीर कणगी फस्त करणार. राहावं तर लेक एकटी. कोंडाई उंबऱ्यावर उभी. एक पाय आत, एक बाहेर. इथे मी थांबले.

परवाच्या दिवशी वर्गात वाचली. पहिल्या ओळी इतक्या हळू वाचल्या की मलाच ऐकू आल्या नाहीत. पण 'एक पाय बाहेर' वाचून कागद पालथा घातला आणि लगेच माळ्याची सुमी उठली, "आजी, तिच्यापाशी काय काय हाये?" मास्तर, तुमचा प्रश्न पोरीच्या तोंडात!

पाट्यांवर चित्रं निघाली. ठरलं की कणगी चार उंच बांबूंवर, मचाणावर ठेवायची. वीतभर कणगी तुराट्यांची विणली, आत मूठभर ज्वारी. दोन दिवस पोरं त्याच नादात. आणि सगळं झाल्यावर सुमीनं आणि तिच्या मैत्रिणींनी कणगीपासून बांबूच्या पायांपर्यंत सगळं शेणामातीनं सुरेख सारवलं. मी म्हटलं, पाय कशाला? तर म्हणते, "सारवल्याबिगर घरात वस्तू ठेवते का कोणी?" मलाही पटलं हो! चांगल्या घरच्या पोरी, मला तर कौतुकच वाटलं.

आज साहेब आले. खुर्चीवर बसले, घड्याळ बघितलं, म्हणाले, "बारापर्यंत मला फाट्यावर पोचायचंय." वर्गातल्या गजानं लोट्याला फडकं बांधून खराखुरा उंदीर आणला होता. पोरांनी गोल केला. फडकं सुटलं.

काय सांगू! उंदीर जिना चढावा तसा सरसर वर गेला. कणगीत शिरला, ज्वारी खाल्ली, वर बसून मिशा पुसल्या आणि उडी मारून थेट साहेबांच्या खुर्चीखाली! साहेबांनी दोन्ही पाय वर घेतले. पोरं हसून लोळायला लागली. गुरुजींचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, गेला तास. मास्तरांचा तास मी माझ्या हातानं बुडवला.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मी नुसतं विचारलं, "काऊन चढला गं तो?"

सुमी गुडघे टेकून बांबूच्या पायापाशी बसली, नाक लावून बघत राहिली. आणि ओरडली, "आजी, इथं पाहा बरं! नखं रुतले त्याचे! सारवणात पाय रोवून चढला तो. आपणच त्याले पायऱ्या करून देल्या!"

"मी म्हणतच होतो," गजा म्हणाला.

"कवा म्हणला बे तू? शेण तर तूच आणलं!"

"तुनंच सांगतलं, घरची आजी म्हणते सारवल्याबिगर अशुभ असते. तुही आजी उंदराची मावशी हाये काय वं?"

मारामारीच व्हायची. पण पोरं एकदम पाय खरवडायला बसली. कोणी खापरीनं, कोणी नखांनी. माती निघाली, आतला गुळगुळीत बांबू दिसायला लागला. आणि साहेबांची खुर्ची कधी पुढे सरकली कुणास ठाऊक! ते वाकून म्हणाले, "बांबूला तेल चोपडलं तर?"

सुमी म्हणाली, "साहेब, मंग तो तेल चाटाले येईन नं!"

गुरुजींनी डोळे मिटले. साहेब मात्र इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

तेवढ्यात घंटा झाली. उंदीर पळालेला, पाय अर्धे खरवडलेले, काम अर्धवट. साहेब उठले, दारापर्यंत गेले आणि वळून विचारलं, "मग ती कोंडाई लेकीकडे गेली की नाही?"

सगळा वर्ग ओरडला, "नाही! आता कशी जाईन? उंदीर अजून चढून राह्यला!"

"बाई, मला तरी सांगा. मला जायचंय." त्यांनी हात पुढे केला, पालथा कागद मागितला.

मी दिला. त्यांनी उलटून बघितलं. 'एक पाय बाहेर' याच्या पुढे काहीच नव्हतं.

"पुढचं कुठे आहे?"

"लिहिलं नाही साहेब. ती गेली की नाही, मले तरी काय ठाऊक? पोरायचं जमलं तर जाईन."

साहेबांनी कागद होता तसा पालथा करून माझ्या हातात दिला. मग गुरुजींना म्हणाले, "वेळापत्रकात शनिवारी हस्तव्यवसायाचा तास आहे ना? त्यात हे बसवा." आणि मला म्हणाले, "बाई, काय झालं त्याचं एक पोस्टकार्ड टाका मला." फाट्याकडे जाताना दोनदा मागे वळून बघितलं त्यांनी. गुरुजींनी खांद्यावरचं उपरणं झटकलं, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "काकू, पुढच्या शनिवारी मीही खाली बसतो पोरांत."

म्हणजे तास राहिला, मास्तर! ऐकताय ना?

मी घरी निघाले तर सुमी मागून पळत आली. धाप लागलेली. "आजी, रॉकेलचा पत्र्याचा डबा कापून पायाले छत्रीसारखा बसवला तर? चढत चढत येईन अन् डोकं आपटंल!" पत्र्यानं हात कापेल, गुरुजींकडून कापून घे, एवढंच मी म्हटलं. चालेल की नाही ते सांगितलं नाही. खरंच मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर तुम्हीही सांगू नका.

आता कोंडाईनंतर दुसरं कोण? रस्त्यानं येताना तोच विचार. गावात काय अडलेल्यांची वाण आहे? नदीवरून धुण्याचं ओझं आणणारी बाळंतीण, अंधारात गोठा चाचपणारे भागवतबुवा, पाटीएवढ्या उंचीची पहिलीतली पोरगी आणि तिच्या हाताला न येणारा रांजण. शेगावच्या दुकानात जायला नको. ओसरीवर बसलं तरी एकेक जण समोरून जातो.

तर मास्तर, माझा शब्द घ्या. दर गोष्टीला मी माणूस आपल्या गावातलं घेईन. त्याला नीट अडवीन, पोरांना तळमळ लागेल असं अडवीन. पण सोडवणार नाही. उंदीर खाली पडेपर्यंत कोंडाई उंबऱ्यावर उभी राहील, मग मला तिची कितीही दया येवो. शेवटचं पान पोरांचं. ती जे बांधतील, ते मी मागाहून नुसतं लिहून काढीन.

तुमची,
गोदावरी
(शनिवारच्या तासाची मास्तरीण)