उलटा दोर

४ मार्च
ड्रम जाड दिसतो म्हणे! साहेबांचं मत. खोदयंत्राच्या मॉडेलमध्ये बकेट उचलणारा दोर ज्यावर गुंडाळतो, तो ड्रम. मी म्हटलं, याहून बारीक केला तर दोर वाकून वाकून तुटेल. "अगं, खऱ्याच्या विसाव्या हिश्शाचं यंत्र, दोराला काय कळतंय!"
दोराला कळतं.
मग पिवळ्या रंगाच्या छटेवर दुपारभर बैठक.

७ मार्च
मॉडेल प्रशिक्षण केंद्रासाठी आहे. लिव्हर मागे ओढली की बकेट वर, पुढे ढकलली की खाली. खऱ्या यंत्रासारखंच. शिकणाऱ्यांनी आधी यावर हात बसवायचा, मग खऱ्यात चढायचं. पहिल्याच तुकडीत दादा! ट्रक चालवून पाठ गेली त्याची, हे जमलं तर सुटेल.
आई सगळ्यांना सांगते, "धाकटी खेळणी बनवते आणि थोरला खेळायला जातो."
दादा हसतो. मी गिअरचे दात पुन्हा तपासले.

११ मार्च
बाहेरचं रूपडं साहेबांच्या भाच्याकडे आहे. आतलं माझ्याकडे. तरी त्याने मला न विचारता दोर ड्रमच्या खालून काढून वरून घेतला. "फोटोत काय उठून दिसतो बघा!" दिसतो. लिव्हर मागे ओढली, तर बकेट खाली!
दिशा उलटली, म्हटलं. तर म्हणे, "ताई, तुम्हाला कशातच चांगलं दिसत नाही."
ताई! माझ्याहून मोठा आहे.
बोलणं बंद.

१२ मार्च
अबोला उत्तम चाललाय. निरोप हिशेब बघणाऱ्या काकूंमार्फत. "मॅडमना सांगा, पक्कड हवीय." मॅडम समोरच्याच टेबलावर. "त्यांना सांगा, जागेवर आहे." काकू म्हणाल्या, "मला पगार दोघांचा मिळतो का गं?"

१४ मार्च
जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. मी दोर सोडला, टोक मूळच्या जागी पक्कं केलं, पुन्हा खालून गुंडाळला. बॅटरी चार्जिंगला होती, चालवून पाहिलं नाही. गरजही नव्हती. ड्रम माझा आहे.
कुणाला सांगितलं नाही. माझं काम बोलतं.

१६ मार्च
मॉडेल गेलं. निघण्यापूर्वी साहेबांनी स्वतः चाचणी घेतली — दिवे लागतात का? लागतात. टाळ्या! भाचा फोटो काढत होता. मी पाठ करून बसले होते.

२४ मार्च
सकाळी दादाचा फोन. "पहिला आलो गं मॉडेलवर! डोळे मिटून चालवतो. मागे ओढलं की खाली, पुढे ढकललं की वर. आत्ता खऱ्यावर परीक्षा!"
"दादा, थांब —"
त्याने फोन ठेवलाही. पुन्हा लावला, उचलला नाही.
भाच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तुम्ही मॉडेलला काय केलंत?"
तो दचकलाच. "मी? तुमचं म्हणणं पटलं मला. त्याच दिवशी मोटर उलटी फिरावी म्हणून तिच्या तारांची अदलाबदल केली. बकेट बरोबर वर जात होती, ताई, शपथ!"
"मला सांगायचं नाही?"
"तुम्ही बोलत कुठे होतात?"
काकूंनी मान खाली घातली.

२५ मार्च
पहिल्याच ओढीला बकेट उलटी गेली. कुणाला लागलं नाही. दादाला परत ट्रकवर धाडलं.
आई निरोप घेऊन आली. "धाकटीला सांग म्हणाला, खेळणं छान होतं."
शेजारच्याच खोलीत आहे तो.