नुसत्या पाण्याचं मडकं

सोमवार, १४ जुलै
पहिली आली ती शेजारची सुमती. तिला बोलवावं लागत नाही, गाडीचा आवाज पुरतो. "कोण गो तुझ्याकडे?" करीत पडवीत बसलीसुद्धा, पाहुणे मागनं आले. रत्नागिरीच्या कॉलेजातली केतकी नि तिचे सर. आमच्या विहिरीचं लाल पाणी बघायला. दिराच्या मुलानं, बबननं, वरच्या कातळाच्या सड्यावर चिरेखाण काढली तेव्हापासून पावसाळाभर विहीर चहासारखी. पंचायतीत तीनदा सांगितलं. बबन तिथलाच मेंबर. असो.

पोरगी गुणाची. पाणी निवळायला शेवग्याच्या बिया सोलून माझ्याच खलात कुटल्या, फडक्यातून पाण्यात गाळल्या, ढवळल्या. सगळं मला विचारून. या घरात मला कोणी शेवटचं कधी विचारलं...

मडकी माझीच दोन, सकाळीच तयार करून ठेवलेली. एकात शेवगा, दुसऱ्यात नुसतं पाणी, ताडून बघायला. सर म्हणाले, नुसतं आहे ते लालच राहील, मग पंचायतीला दाखवता येईल की हा खाणीचा गाळ आपसूक बसत नाही. आठळ्यांची भाजी दोनदा मागून जेवले.

दुपारी बघतात तर दोन्ही मडकी स्वच्छ. नुसतंसुद्धा. सरांचा चेहरा उतरला. सुमती म्हणाली, "देवाची कृपा." सर काहीतरी लिहून गेले.

शुक्रवार, १८
ब. आला. आता पुरतं नाव लिहायला हात जात नाही. कॉलेजचा कागद पंचायतीत आला म्हणे.
"काकी, तुझं पाणी नुसतं ठेवलं तरी निवळतं. सरांनीच लिहिलंय. उगाच खाणीच्या नावानं शंख करतेस."
वर चहा पिऊन गेला. लहानपणी आईविना होता तर याला मी... जाऊ दे.

शनिवार, १९
पाणी भरायला मडकं धुतलं नि हात थांबला. हातात निवळीची बी. सासूनं लावलेली सवय, मडक्याला आतनं बी घासायची, गाळ तळाला बसतो. चाळीस वर्षं हात आपला फिरतो. त्या दिवशी तर पाहुणे यायचे म्हणून दोन्ही मडक्यांना जास्तच फिरवली.
म्हणजे नुसतं ते नुसतं नव्हतंच. ब.च्या हातात कागद मीच दिला.

रविवार, २०
केतकीला फोन केला. "आजी, तेव्हाच का नाही सांगितलंत?" म्हटलं, बाय, मडकं घासलं हे कोणी सांगत बसतं का? हसली. मग सरांना सांगते म्हणाली, आवाज बारीक.
ब.लाही सांगितलं. "आता काहीही सांगशील."

मंगळवार, २२
तिचाच फोन. काचेच्या बरण्या घेऊन येते म्हणाली, तुमचं एकही भांडं नको आजी. वाईट वाटलं, पण बरोबर आहे तिचं. बी फडक्यात बांधून सुमतीकडे दिली, मी मागितली तरी देऊ नको म्हटलं. सर येणार का, ते विचारायला धीर झाला नाही.
गुरुवारी येते म्हणाली. २४ तारीख.